गाडी सरांची, आरसी काकांची: नावावर करायची राहून गेलेल्या मोटारीचं प्रकरण

मोटार अपघात दाव्यांची कामं करणाऱ्या वकिलाकडे जुन्या गाड्यांची एक तक्रार वरचेवर येते. गाडी विकून वर्षं लोटली, पैसे मिळाले, गाडी आता कुठे आहे तेही ठाऊक नाही, आणि नोटीस मात्र आपल्या नावाने आली. सांगलीतलं असं एक प्रकरण इथे सविस्तर लिहितो आहे, कारण त्यात एकाच गाडीवर जवळजवळ सगळ्या अडचणी गोळा झाल्या होत्या. नाव बदललेलं नव्हतं. कर्जाचा बोजा उतरला नव्हता, आणि बोजा ज्या बँकेचा ती बँकच त्या नावाने उरली नव्हती. विकणारे गृहस्थ हयात नव्हते, तरी विमा दरवर्षी त्यांच्याच नावाने चालू होता. दोन्ही घरांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

व्यवहार कसा झाला होता

गाडी २०१५ साली नोंदवलेली पेट्रोल हॅचबॅक, एमएच १० पासिंग. मूळ मालक विश्रामबागेत राहणारे एक निवृत्त अधिकारी. त्यांना इथे काका म्हणू. बँकेचं कर्ज काढून घेतलेली गाडी, हप्ते नियमित, शेवटचा हप्ता २०१९ मध्ये गेला. २०२१ मध्ये डोळ्यांच्या त्रासामुळे काकांनी चालवणं सोडलं आणि गाडी विकायला काढली. घेणारे तासगावकडच्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक. मधे दलाल नाही, ओळखीतला व्यवहार.

शंभराच्या स्टॅम्पवर विक्रीचं लिहून झालं, चेकने पैसे दिले. आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचं, स्मार्ट कार्ड, दोन्ही किल्ल्या, चालू पॉलिसी आणि सही केलेले मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे टीटी फॉर्म म्हणतात ते, एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून काकांनी सरांच्या हातात दिले. फॉर्मवर तारीख नव्हती. सर म्हणाले, ‘सवडीने नावावर करून घेतो.’ काका म्हणाले, ‘घ्या की, घाई काय आहे.’

कुणाच्याही मनात खोट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. अशी प्रकरणं ऐकली की लोक लगेच घेणाऱ्याला नावं ठेवतात. सरांनी त्याच महिन्यात एका एजंटला विचारलंही होतं. त्याने आरसी बघितली आणि म्हणाला, ‘आधी एचपी उतरवून आणा.’ एचपी म्हणजे आरसीवरची कर्जाच्या बोजाची नोंद. आरसीवर बँकेचं नाव कायम होतं. कर्ज फिटल्यावर बँकेने दिलेली एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, काकांच्या कपाटात सापडली, पण ती २०१९ ची. अशा पत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची धरतात. नवं पत्र आणायला काकांनी शाखेत जायला हवं होतं, काकांना दिसत नव्हतं, सरांची शाळा सुटत नव्हती. विषय तिथेच राहिला.

मधल्या वर्षांत गाडी व्यवस्थित चालली. पॉलिसी संपायच्या आधी सर मोबाईलवरून नूतनीकरण करत. कंपनीच्या पोर्टलवर जुना पॉलिसी नंबर टाकला की काकांचं नाव आपोआप येई, नो क्लेम बोनसची, म्हणजे आधी दावा न केल्याबद्दलची, सूट आपोआप लागे, पैसे भरले की पाच मिनिटांत पॉलिसी हातात. नाव बदलायचं आहे का, असं कुणी विचारत नव्हतं. गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ प्रणालीत मोबाईल नंबरही काकांचाच होता. पेठ नाक्यापुढे हायवेवर वेगाचं चलन पडलं तर मेसेज काकांना जाई, काका फोन करत, सर भरून टाकत. काकांच्या चांगुलपणावर हे सगळं चाललं होतं.

२०२४ मध्ये काका गेले. सर दिवसकार्याला जाऊन आले. गाडीचा विषय तेव्हा निघणं शक्यच नव्हतं.

नोटीस

२०२५ च्या उन्हाळ्यात सांगली–मिरज रस्त्यावर पेट्रोल पंपातून बाहेर पडताना सरांच्या गाडीचा एका दुचाकीला धक्का लागला. पोरगा पडला, मनगटाला मार बसला. सरांनीच त्याला दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, खर्च दिला, फोन नंबर दिला. काही दिवसांनी घरच्यांच्या सांगण्यावरून त्याने पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पोलिसांनी गाडीचा नंबर प्रणालीत टाकला, नाव आलं काकांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं त्याची माहिती द्यायची जबाबदारी मालकाची असते, म्हणून नोटीस काकांच्या नावाने विश्रामबागेत गेली. दारात काकू होत्या.

काकूंनी सरांना फोन केला. ‘सर, पोलीस आलेत हो. गाडी तर तुमची ना?’ सर शाळेतून तसेच निघाले. दुसऱ्या दिवशी दोघंही माझ्याकडे आले, आणि बेंगळुरूहून काकांचा मुलगा फोनवर. त्याचं पहिलंच वाक्य असं होतं: ‘पैसे घेतले, गाडी दिली, चार वर्षं झाली. आता आमचा संबंध काय?’

प्रश्न रास्त होता. वस्तू विकण्याच्या साध्या व्यवहाराच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पैसे आणि ताबा देऊन गाडी विकली गेली होती. पण मोटार वाहन कायद्यात ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. कलम २, पोटकलम ३०. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे अगदी स्पष्ट केलं. त्या प्रकरणात मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, आरसी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर. अपघातात जीव गेला, आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावर आली. न्यायालयाचं कारण पटण्यासारखं आहे. रस्त्यावर ज्याला ठोकर बसली त्याने गाडी कुणी कुणाला विकली त्याची साखळी शोधत हिंडायचं का? त्याला कागदावर एक नाव दिसतं, त्याने त्या नावाकडे मागावं. विकणाऱ्याने मग घेणाऱ्याकडून वसूल करायचं ते करावं.

म्हणून शंभराच्या स्टॅम्पवरचं ते लिहिणं, ‘आजपासून सर्व जबाबदारी घेणाराची’ हे वाक्य, काका आणि सर या दोघांपुरतं होतं. दुचाकीवरच्या पोराला ते बांधील नव्हतं. काकांच्या पश्चात त्यांच्या मालमत्तेवर असा दावा आला असता तर तो काकूंना आणि मुलांना लढवावा लागला असता. त्यात पॉलिसीही मृत माणसाच्या नावाने नूतनीकरण केलेली. कंपनीने हरकत घेतली असती तर जखमी पोराचे पैसेही अडकले असते.

सुदैवाने मार किरकोळ होता. आम्ही पहिल्यांदा पोलिसांचं उत्तर दिलं: काकूंनी वारस म्हणून लेखी कळवलं की मालक मयत, सोबत मृत्यू दाखला, गाडी २०२१ मध्ये विकलेली, ताबा आणि चालक सर. सरांनी स्वतःचा जबाब आणि लायसन्सची प्रत दिली, काहीही नाकारलं नाही. दुचाकीवरच्या पोराला त्यांनी बुडालेल्या मजुरीचे पैसेही दिले. त्याने तक्रार नसल्याचं लिहून दिलं, गुन्हा दाखल झाला नाही.

जुनी तारीख टाकायचा सल्ला

आता गाडी नावावर करायची. सरांच्या फोल्डरमध्ये काकांच्या सहीचे फॉर्म होतेच. एका एजंटने सांगितलं की काळजी नको, फॉर्मवर २०२४ च्या आधीची तारीख टाकू, बाकीचं मी बसवतो, अमुक हजार द्या. सरांनी मला विचारलं, कारण सही तर खरीच होती.

सही खरी असली तरी तारीख खोटी असती. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याला दिलेली सूचना आहे. मेलेला माणूस सूचना देत नाही. काकांच्या मृत्यूनंतर तो कागद सादर करणं म्हणजे ते हयात असल्याचं भासवणं, आणि तेही अशा वेळी की काकू आठवड्यापूर्वीच पोलिसांना मृत्यू दाखला देऊन आलेल्या. पुढे या गाडीचा अपघात झाला, विमा कंपनीने तपासनीस नेमला, तर तो पहिल्यांदा हस्तांतराची तारीख आणि मृत्यूची तारीख शेजारी ठेवून बघणार. सरांनी एजंटला नाही म्हणून सांगितलं. लोकांना हा रस्ता सोपा वाटतो कारण त्याची किंमत नंतर, भलत्या वेळी द्यावी लागते.

याच ठिकाणी एक गोष्ट विकणाऱ्यांसाठी सांगायला हवी. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. ही दोन वेगवेगळी कर्तव्यं आहेत. फॉर्म २९ हा विकणाऱ्याच्या बचावाचा कागद आहे, आणि आपल्याकडे तो सही करून, तारीख न घालता, सगळाच्या सगळा घेणाऱ्याच्या हाती देण्याची पद्धत पडली आहे. काकांनी तेव्हा एक प्रत आरटीओत देऊन पोच घेतली असती तर आरसीवर नाव त्यांचंच राहिलं असतं, पण नोटिशीला उत्तर देताना काकूंच्या हातात सरकारी शिक्का असता. आता अधिकृत डीलरमार्फत गाडी विकली तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी डीलरकडे ताबा दिल्याची ऑनलाइन नोंद करता येते, आणि नवा मालक ठरेपर्यंत जबाबदारी डीलरकडे जाते. ओळखीतल्या व्यवहाराला ते कवच नाही.

गाठी कुठल्या क्रमाने सोडवायच्या

सरळ मार्ग असा होता की गाडी आधी काकांच्या वारसाच्या नावावर जायची, मग वारसाकडून सरांच्या. त्यासाठी फॉर्म ३१. नियम असा की मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत कळवावं आणि तीन महिन्यांत नाव लावायला अर्ज करावा. मुदत उलटून गेली होती, म्हणजे दंड. पण रस्ता बंद नव्हता.

अडचण क्रमाची होती. सरांचं नाव चढायला बोजा उतरायला हवा. बोजा उतरवायच्या अर्जावर नोंदणीकृत मालकाची सही लागते, तो हयात नाही, म्हणून वारस पुढे यायला हवा. आणि महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर परिवहन कार्यालय हस्तांतर, बोजा, असली कामं अडवून ठेवतं. तेव्हा पहिली गाठ प्लेटची. ती सर्वांत सोपी निघाली: ऑनलाइन नोंदणी, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे, आणि दिलेल्या दिवशी केंद्रावर जाऊन प्लेट बसवून घेतली. काकांच्या बंद पडलेल्या नंबरवर गेलेली, कुणी न बघितलेली जुनी चलनंही याच वेळी सापडली. गाडीचा नंबर टाकून ऑनलाइन तपासली आणि भरली. पीयूसी संपली होती, ती काढली.

काकूंची तयारी होत नव्हती, आणि मला ते समजत होतं. ‘गाडी आमची नाही म्हणून तर आलो ना तुमच्याकडे? आता माझ्या नावावर कशाला चढवायची? मधे परत काही झालं तर?’ मधल्या काळात जबाबदारी कागदोपत्री त्यांच्यावर येणार होती हे खरंच. सरांनी न सांगता उपाय काढला. गाडी काकूंच्या फाटकात आणून लावली आणि दोन्ही किल्ल्या काकूंकडे दिल्या. काम होईपर्यंत गाडी आरटीओखेरीज कुठेही जाणार नाही. स्वतः सर एसटीने शाळेला जात राहिले. शिवाय ताबा २०२१ पासून सरांचा असून तेव्हापासूनच्या सर्व दाव्यांची भरपाई सर देतील असं नवं लेखी केलं, यावेळी पाचशेच्या स्टॅम्पवर, कारण ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा लिखाणाला शंभराचा स्टॅम्प पुरत नाही. हे लिहिणंही दोघांपुरतंच आहे हे काकूंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी होकार दिला तो किल्ल्यांमुळे, असं मला वाटतं.

नाहीशी झालेली बँक

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो बँकेने. आरसीवर ज्या बँकेचं नाव होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. हा अनुभव आता पुष्कळांना येतो आहे. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. त्यापूर्वी कर्जावर घेतलेल्या हजारो गाड्यांच्या आरसीवर ही जुनी नावं अजून तशीच आहेत, कारण कर्ज फिटलं की माणूस मोकळा होतो आणि बोजाची नोंद आपोआप उतरली असेल असं समजतो. आता बऱ्याच बँका ही माहिती थेट ‘वाहन’ प्रणालीत पाठवतात. २०१९ च्या कर्जाला तो लाभ नव्हता.

शाखा जुन्या जागेवरून हललेली. नव्या जागी काउंटरवरच्या बाईंनी कर्ज खात्याचा नंबर टाकला, काहीच आलं नाही. विलीनीकरणात नंबर बदलले होते, आणि बंद खाती तर वेगळ्याच नोंदींत गेलेली. ‘खातंच दिसत नाही तर फिटल्याचं पत्र कसं देऊ?’ हे त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं.

इथे दोन कागद कामाला आले. एक, २०१९ ची ती मुदत संपलेली एनओसी. आरटीओत तिचा उपयोग नव्हता, पण तिच्यावर जुना खातं क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शाखेचा कोड होता. दुसरं, काकांचं बचत खात्याचं पासबुक. काकूंनी जपून ठेवलेल्या कागदांत ते मिळालं. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता वळता झालेला, आणि २०१९ च्या शेवटच्या नोंदीनंतर पुढचे महिने मोकळे. त्या ओळींच्या प्रती, मृत्यू दाखला, आरसीची प्रत आणि काकूंचा वारस म्हणून अर्ज असं सगळं शाखेने वरच्या कार्यालयात पाठवलं. तिथून जुन्या नंबराचा नवा नंबर जुळवून आला.

पत्र तयार झालं तेव्हा एक उणीव राहिली होती, आणि ती लक्षात आली म्हणून एक हेलपाटा वाचला. पत्र नव्या बँकेच्या लेटरहेडवर होतं. जुन्या बँकेचं नाव त्यात कुठेच नव्हतं. आरटीओच्या नोंदीत वित्तपुरवठादार म्हणून जुनं नाव. काउंटरवरच्या कारकुनाने या दोन नावांचा संबंध कशावरून लावायचा? ‘पूर्वीची अमुक बँक, दिनांक अमुकपासून आमच्या बँकेत विलीन’ ही एक ओळ आम्ही तिथल्या तिथे घालून घेतली. बोजा उतरवायच्या अर्जाच्या, म्हणजे फॉर्म ३५ च्या, दोन्ही प्रतींवर सही, गोल शिक्का, सही करणाऱ्याचं नाव आणि पद. कुणाला हे काम करायचं असेल तर शाखेच्या दारातच उभं राहून एवढं तपासून घ्या. नुसती सही आणि लांबट शिक्का असलेला फॉर्म परत येतो.

आरटीओत

वारस तिघं: काकू, बेंगळुरूचा मुलगा, रत्नागिरीला दिलेली मुलगी. दोघांनी आपापल्या गावी नोटरीसमोर ना-हरकत प्रतिज्ञापत्र केलं की गाडी आईच्या नावावर व्हायला आमची हरकत नाही. मग नावाचा घोळ. आरसीवर काकांचं नाव आद्याक्षरं आणि आडनाव असं, मृत्यू दाखल्यावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव पूर्ण. दोन्ही एकच व्यक्ती, असं आणखी एक प्रतिज्ञापत्र लागलं. आपल्याकडे नाव लिहायच्या इतक्या रीती आहेत की हे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

बोजा उतरवणं आणि वारसाचं नाव, दोन्ही अर्ज ऑनलाइन भरून, फी भरून, प्रिंट काढून एकत्र दिले. ते मंजूर होऊन आरसीवर काकूंचं नाव आलं, आणि मगच काकू ते सर हे हस्तांतर, नव्या फॉर्म २९ आणि ३० वर, त्या दिवसाच्या खऱ्या तारखेने. हलक्या खाजगी गाडीला हस्तांतराची मूळ फी ३०० रुपये. त्यावर स्मार्ट कार्ड, टपाल आणि उशिराचा दंड. एजंटने मागितलेल्या हजारांपुढे हा आकडा बघून सर काही वेळ पावतीकडेच बघत राहिले.

फॉर्मवर चेसिस नंबरचा ठसा लागतो. तो कसा घेतात ते नव्या माणसाला माहीत नसतं. बॉनेट उघडलं, तर कोरलेल्या नंबरावर दहा वर्षांचं तेल आणि धूळ. सरांनी रॉकेलच्या फडक्याने ती जागा पुसली, कोरडी केली. मग मऊ पेन्सिलीचं शिसं आडवं धरून अक्षरांवर हलक्या हाताने घासलं, वर चिकटपट्टी दाबली आणि सावकाश उचलली. सतरा अक्षरं पट्टीवर उमटून आली. पहिल्या पट्टीत मधला एक आकडा आठ की तीन ते कळेना, पुन्हा घेतली. दोन अर्जांच्या वेगवेगळ्या प्रतींना लागतात म्हणून चार-पाच पट्ट्या एकदमच घेऊन ठेवल्या. ठशातला नंबर, आरसीतला नंबर आणि पॉलिसीतला नंबर मी तिथेच बोट ठेवून जुळवले. पॉलिसीत टंकलेखनाची चूक असण्याचं प्रमाण कमी नाही, आणि ती दाव्याच्या दिवशीच उघडी पडते. इथे जुळले.

विमा

आरसीवर सरांचं नाव आलं तरी पॉलिसी काकांचीच होती. नोटीस आली तेव्हाच आम्ही कंपनीला मालक मयत असल्याचं आणि हस्तांतर चालू असल्याचं लेखी कळवून पोच घेतली होती. आता नवी आरसी जोडून नाव बदलायचा अर्ज दिला. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की चालू पॉलिसी घेणाऱ्याकडे गेली असं मानलं जातं आणि घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. पण हा ‘मानलं जातं’चा आधार तिसऱ्या माणसाच्या भरपाईपुरता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला तो लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच तसं सांगितलं आहे. म्हणजे या चार वर्षांत कृष्णेच्या पाण्यात गाडी बुडाली असती, तर दरवर्षी पूर्ण हप्ता भरूनही सरांना स्वतःच्या नावाने एक रुपया मागता आला नसता. हे ऐकून सरांना नोटिशीपेक्षा जास्त धक्का बसला.

नो क्लेम बोनसचंही तसंच. ती सूट २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि ती गाडीची नसून माणसाची असते. काकांनी विनादावा वर्षं काढून कमावलेली ५० टक्के सूट सर नकळत वापरत होते. नाव बदलताना कंपनीने उरलेल्या मुदतीचा फरक भरायला सांगितला, तो त्यांनी भरला. आता त्यांची सूट शून्यापासून, स्वतःच्या नावावर, सुरू झाली.

शेवटी मोबाईल नंबर. आरसी बदलली म्हणून ‘वाहन’मधला नंबर आपोआप बदलेल असं धरून चालायचं नाही, तो तपासून सरांचा घालून घेतला आणि एक ओटीपी येतो का ते बघितलं. आरसीवर नामनिर्देशन करायची सोय २०२१ पासून नियमांत आहे. सरांनी तिथे पत्नीचं नाव दिलं.

स्मार्ट कार्ड टपालाने तासगावला आल्यावर सर त्याची आणि नव्या पॉलिसीची प्रत घेऊन विश्रामबागेत गेले, काकूंकडून किल्ल्या घेतल्या आणि गाडी घेऊन आले. काकूंनी त्या प्रतींसोबत पोलीस ठाण्याला एक पत्र दिलं की या नंबराच्या गाडीचे मालक आता अमुक आहेत, पुढचा पत्रव्यवहार त्यांच्याशी करावा, आणि पत्राची पोच घेतली. मुलाने बेंगळुरूहून विचारलं की वडिलांची जुनी स्कूटरही २०१७ च्या सुमारास कुणाला तरी दिली होती, तिचं काय. तिचा नंबर मागवला आहे.